तिसऱ्या खणातली डिस्क : घरच्या नॅसच्या नोंदी

रविवार, ४ मे २०२५

पहाटे नॅसची, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवरून सांभाळणाऱ्या संगणकाची, मेल आली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर लिनक्सची ठरलेली तपासणी सुरू होते. चारही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा सगळ्यात छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचायच्या आणि पॅरिटी, म्हणजे हरवलेला मजकूर परत काढता यावा म्हणून ठेवलेला जादा हिशेब, जुळते का ते पाहायचं, एवढं तिचं काम. आजवर ती मुकाट्याने पार पडत आली. आज मात्र तिसऱ्या खणातल्या डिस्कचा १९७ क्रमांकाचा आकडा ० वरून ८ झाल्याचं कळलं.

मांडणी इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना अडायला नको. जुन्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच दुकानातून एकदम घेतलेल्या. वर डेबियन लिनक्स आणि त्याचं सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क मिळून एकच साठा करण्याची पद्धत), पातळी ५. म्हणजे वापरायला १२ टीबी, आणि एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत. सिस्टीम वेगळ्या एम.२ एसएसडीवर आहे, त्यामुळे मदरबोर्डवरच्या डिस्क लावायच्या सहा साटा जोडण्यांपैकी दोन मोकळ्या राहतात. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती म्हणजे स्मार्ट. त्यातला १९७ म्हणजे 'करंट पेंडिंग सेक्टर', वाचता न आलेला पण अजून निकालात न काढलेला सेक्टर. त्या जागी पुन्हा काही लिहिलं गेलं की फैसला होतो. लिहिणं जमलं तर तो यादीतून सुटतो. नाही जमलं तर राखीव जागेतला सेक्टर त्याच्या बदली दिला जातो आणि ५ क्रमांकाचा आकडा वाढतो. आठ म्हणजे आठ ठिकाणी बिघाड, असंही नाही. या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटांचा आहे आणि मोजदाद ५१२ बाइटांच्या मापाने होते, म्हणून एक गेला की आठ दिसतात.

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत ओळ सापडली: 'रीड एरर करेक्टेड, ८ सेक्टर'. म्हणजे रेडने आपलं काम केलं होतं. बाकीच्या तीन डिस्कवरून हरवलेला मजकूर काढून तो त्याच जागी परत लिहिला होता. दुपारपर्यंत १९७ पुन्हा ० झाला आणि ५ चा आकडा ८ वर गेला. एकही फाइल बिघडलेली नाही.

इथेच थांबून 'सुटलो' म्हणता आलं असतं. पण या डिस्कचे चालू तास ५७,६०० च्या वर गेलेत. उरलेल्या तिघींचेही तेवढेच.

सोमवार, ५ मे

रात्री चारही डिस्कना लांबलचक स्वचाचणी लावली होती. ४ टीबीला आठ-साडेआठ तास लागतात. सकाळचा निकाल असा: एक, दोन आणि चार उत्तीर्ण. तिसरी ७० टक्के काम बाकी असतानाच 'रीड फेल्युअर' म्हणून थांबली, आणि अडलेला सेक्टर कालचा नव्हता, दुसराच होता. १९७ परत ८.

काल वाचलेली जागा आज वाचता येत नसेल तर तो एखादा डाग नाही, डिस्क उतरणीला लागली आहे. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःला तपासताना सापडलेली चूक) दिसलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता न दिसलेल्यांच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मेलेल्या डिस्कपैकी मोठ्या हिश्श्याने आधी स्मार्टमध्ये कसलीच खूण दाखवली नव्हती. म्हणजे स्मार्टने हाक दिली तर ऐकायचं, पण ते गप्प आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. तिसरीने हाक दिली. एक, दोन आणि चार गप्प आहेत.

स्मार्टमधले मी पाच आकडे पाहतो, सगळे डिस्कच्या चुका मोजणारे: ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. हजारो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ कंपनी २०१३ पासूनची आपली आकडेवारी खुली ठेवते, आणि तीही नेमके हेच पाच पाहत आली आहे. १९९ चा आकडा मी वेगळा ठेवतो, कारण तो डिस्कबद्दल फारसं सांगत नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या वाटेत मजकूर बिघडला की तो वाढतो, म्हणजे संशय बहुतेक वेळा केबलवर जातो. हा आकडा कधी खाली येत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतोय का ते पाहायचं. दुसऱ्या खणातल्या डिस्कचा १९९ आज ३ आहे. वहीत लिहून ठेवला.

तापमान ४६ ते ४८ अंश. पुण्यातला मे महिना आहे. पुढच्या पंख्याची जाळी काढून धुतली, त्यावर धुळीचा चांगला थर होता. संध्याकाळी ४३.

मंगळवार, ६ मे

नवी डिस्क आणायची, जुनी काढायची, रिबिल्ड लावायचं, हा सरधोपट मार्ग. तो मी घेणार नाही, निदान या क्रमाने नाही.

कारण साधं गणित आहे. रेड ५ मधली एक डिस्क काढली की तिच्यावरचं सगळं पुन्हा उभं करायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. ४ टीबीच्या तीन, म्हणजे १२ टीबी. अशा डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १०^१४ बिट वाचल्यावर वाचता न येणारा सेक्टर एकापेक्षा जास्त वेळा येणार नाही. १०^१४ बिट म्हणजे साडेबारा टीबी. कागदावरच्या हिशेबाने एका रिबिल्डमध्ये एकदा ठेच लागणार हे जवळजवळ धरूनच चालायचं, आणि तेव्हा पॅरिटी मदतीला नसते, कारण तीच तर वापरून झालेली असते. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा खूप चांगल्या वागतात. माझी तपासणी दर महिन्याला चारही मिळून १६ टीबी वाचते आणि इतक्या वर्षांत ही पहिली ठेच. तरी त्या तिघीही त्याच वयाच्या, त्याच दुकानातल्या, त्याच उन्हाळ्यातून गेलेल्या आहेत. डिस्कच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त कष्टाचं काम त्यांच्याकडून नेमकं त्यांच्या म्हातारपणी करून घ्यायचं, तर आधी सगळं बाहेर हवं.

म्हणून आधी प्रत. काही पुन्हा मिळणार नाही ते पहिलं, मिळू शकेल ते शेवटी.

पुन्हा न मिळणाऱ्यात सगळ्यात वर चिपळूणच्या काकांचे अल्बम. २०१९ च्या दिवाळीत आणि नंतरच्या सुट्टीत ते ६०० डीपीआयवर स्कॅन केले होते. साध्या चार बाय सहा इंची फोटोची टिफ फाइल साधारण २६ एमबी होते. शिमग्याची पालखी, घराच्या मागची विहीर, आजोबांचा कंदील घेऊन काढलेला फोटो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि मूळ अल्बम चिखलात गेले. फोटोंचा थर एकमेकांना चिकटून एक ओला गठ्ठा झाला होता, त्यातून चेहरा ओळखता येईल असा एकही निघाला नाही. आता जे आहेत ते या फाइलींतच. त्यांच्याबरोबर आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेट. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला दीड जीबी. त्या टेपवरचा लेप तर संगणकावर उतरवून घेतानाच सुटायला लागला होता.

कपाटात ८ टीबीची बाहेरची डिस्क आहे, एरवी कशालाही न जोडलेली. तिच्यावर २७ एप्रिलपर्यंतचं सगळं होतं. फरक आज चढवला. नाशिकला ताईकडे छोटं खोकं आहे, तिथे पुन्हा न मिळणारं १.८ टीबी रोज रात्री जातं.

ताईला फोन केला.

"तुझ्याकडचं खोकं चालू आहे ना गं?"

"आहे की. दिवा लुकलुकतोय. का रे, काय झालं?"

"इथली एक डिस्क आजारी आहे. आठवडाभर ते बंद करू नकोस, आणि राउटरलाही हात लावू नका."

"मुलांना सांगते. काकांचे फोटो नीट आहेत ना?"

तेच पाहायचं होतं. स्कॅन केलं त्याच दिवशी प्रत्येक फाइलचा शा-२५६, म्हणजे मजकुरात जराही फरक पडला की बदलणारा ठसा, काढून यादी करून ठेवली आहे. कपाटातली डिस्क लॅपटॉपला जोडून त्या यादीशी ताडली, नाशिकची तिथल्या तिथे ताडली. दोन्हीकडे एकूण एक जुळलं. यादी नसती तर फाइल उघडते म्हणजे ठीक आहे एवढंच म्हणता आलं असतं, आणि टिफच्या मधला एखादा पट्टा उडालेला असला तरी फाइल उघडतेच.

मग नॅसवरची फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती ठेवली. आठवडाभर कोणी काही लिहिणार नाही. आईचे मोबाइलमधले फोटो मोबाइलमध्येच राहतील.

शनिवार, १० मे

नवी डिस्क मागवली. ४ टीबीच, पण वेगळ्या कंपनीची. एकाच खेपेतल्या डिस्क एकाच सुमाराला जातात, निदान जाऊ शकतात, म्हणून यापुढे प्रत्येक डिस्क निराळ्या खेपेची.

खरेदीत सगळ्यात जास्त वेळ सीएमआर की एसएमआर हे तपासण्यात गेला. साध्या, म्हणजे सीएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे एकमेकांशेजारी, मध्ये जागा सोडून लिहिलेले असतात. एसएमआरमध्ये जागा वाचवण्यासाठी ते कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात. वाचायला अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली पुढची सगळी उचलून परत बसवावी लागतात. रोजच्या वापरात डिस्क हे काम निवांत वेळी आपापलं उरकते. रिबिल्डमध्ये तिला निवांत वेळच मिळत नाही, वेग कोसळतो, आणि कधी ती इतका वेळ उत्तर देत नाही की रेड तिला मेलेली समजून बाहेर काढतं. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही आतून एसएमआर होत्या आणि वेष्टनावर तसा उल्लेख नव्हता. तेव्हापासून कंपन्या मॉडेलनुसार यादी देतात. ती यादी आणि मॉडेल क्रमांकाचं शेवटचं अक्षरसुद्धा जुळवून मगच पैसे भरले.

दुसरी काळजी वेळेची. साधी डेस्कटॉप डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर मिनिट-मिनिट प्रयत्न करत बसते. लिनक्स ३० सेकंद वाट पाहून तिला रिसेट करतो आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाहेर पडते. नॅसच्या डिस्क बहुतेक ७ सेकंदांत हात टेकतात, 'नाही वाचता येत' असं सांगतात आणि रेड पॅरिटीवरून काम चालवतं. माझ्या चारही डिस्कवर ही ७ सेकंदांची मर्यादा चालू आहे, म्हणूनच ४ तारखेला तिसरी बाहेर न पडता फक्त तक्रार करून थांबली.

बुधवार, १४ मे

डिस्क आली. पाकीट अँटिस्टॅटिक, सीलबंद, कोपऱ्यांना फोम. अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला. वॉरंटी चालू महिन्यापासून, भारतातल्या विक्रीची. स्मार्टमध्ये चालू तास ०, सुरू-बंद १.

वर्षाच्या सुरुवातीला युरोपात आधी वापरून झालेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण निघालं होतं. त्यांचे स्मार्टमधले तास पुसलेले होते, पण कंपनीच्या आतल्या नोंदीत खरे तास राहिले होते. म्हणून जिथे ती आतली नोंद वाचता येते तिथे तीही पाहावी.

लगेच अ‍ॅरेमध्ये, म्हणजे रेडमधल्या डिस्कच्या गटात, घातली नाही. डिस्क एकतर अगदी सुरुवातीला जातात किंवा वय झाल्यावर. सुरुवातीचं मरण माझ्या टेबलावर झालेलं बरं. 'बॅडब्लॉक्स'ने पूर्ण डिस्कवर चार नमुने लिहून परत वाचायला लावले. एका नमुन्याला लिहिणं-वाचणं मिळून सोळा-सतरा तास. म्हणजे शनिवारपर्यंत बसून राहायचं.

रविवार, १८ मे

नवी डिस्क चारही नमुन्यांत स्वच्छ, नंतरची लांब चाचणीही उत्तीर्ण. ५, १९७, १९८ तिन्ही ०.

तिला पाचव्या जोडणीवर लावली, जुनी तिसरी जागच्या जागी ठेवून. एमडीएडीएम या लिनक्सचं रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'रिप्लेस' नावाचा पर्याय आहे, तो फार लोक वापरताना दिसत नाहीत, आणि हा सगळा खटाटोप त्याच्याचसाठी होता. त्यात आजारी डिस्क आधी काढायची नसते. ती अ‍ॅरेत काम करत राहते आणि तिच्यावरचं सरळ नव्या डिस्कवर उतरवलं जातं. मध्ये एखादा सेक्टर वाचता आला नाही तर तेवढाच बाकीच्या तिघींकडून काढून घेतला जातो. कॉपी पुरी होईपर्यंत चारही जागा भरलेल्या असतात, एक डिस्क जाण्याइतकी सूट शिल्लक राहते. मोकळी जोडणी असेल तर दुसऱ्या कुठल्याही वाटेने जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खणांची ओळख नीट हवी. लिनक्समधली नावं पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, कालची 'सी' आज 'डी' होते. म्हणून प्रत्येक खणाच्या तोंडाशी चिकटपट्टीवर त्या डिस्कच्या अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरं लिहून ठेवली आहेत, आणि आदेश देताना नावाऐवजी अनुक्रमांकावरून बनलेला पत्ता देतो. रेडमधला डेटा जातो त्यातला बराचसा चांगली डिस्क चुकून काढल्याने जातो.

यूपीएस यूएसबीने नॅसला जोडलेला आहे, बॅटरी ३० टक्क्यांवर आली की नॅस स्वतःहून बंद होतो. घरच्या इन्व्हर्टरवर या कामात भिस्त ठेवलेली नाही. त्याच्या अदलाबदलीच्या क्षणात पंखा चालू राहतो, संगणक राहीलच असं नाही. आकाश संध्याकाळपासून भरून आलंय.

रात्री ११ वाजता 'रिप्लेस' सुरू. सेकंदाला १६५ एमबी.

सोमवार, १९ मे

पहाटे ३:४० ला मेल. कॉपी ६७ टक्क्यांवर थांबली होती. रेडने दुसऱ्या खणातली डिस्क बाहेर काढली होती. तिसरी नव्हे, दुसरी.

घाईने काही करायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. आधी नोंदी वाचल्या. दुसऱ्या डिस्कशी असलेली जोडणी वारंवार रिसेट झाली, कर्नलने लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर उतरवला, तरी जमेना, शेवटी लिंक तुटली. वाचता न आलेल्या सेक्टरची एकही ओळ नाही. मशीन पुन्हा सुरू न करता डिस्क दिसते का पाहिलं, तर दिसली, आणि तिचं स्मार्ट वाचता आलं. ५ शून्य. १९७ शून्य. १९८ शून्य. १९९ मात्र ३ वरून २१४.

वहीतला तो ३ इथे कामाला आला. डिस्क धडधाकट, वाट खराब.

नॅस रीतसर बंद केला. कॅबिनेट उघडून दुसऱ्या डिस्कच्या साटा केबलला बोट लावलं तर मदरबोर्डच्या बाजूचं टोक जागेवरच हलत होतं. त्या जुन्या केबलला खटका नाही, नुसती खोचलेली. रात्रभर पाच डिस्क एकदम धावल्याने कॅबिनेटला जी थरथर बसली, तेवढ्याने तिचा संपर्क सुटत असणार. प्लास्टिकच्या आतल्या सोनेरी पट्ट्यांपैकी दोन काळपट पडल्या होत्या.

सकाळी दुकानं उघडल्यावर तपकीर गल्लीतून खटक्याच्या सहा केबल आणल्या. स्टीलच्या खटक्याच्या, टोकाला बारीक 'टक्' आवाज येईपर्यंत आत जाणाऱ्या. सगळ्याच बदलल्या. घरात येईपर्यंत वळवाने गाठलं, पण केबल कोरड्या होत्या.

सुरू केल्यावर अ‍ॅरे उभा राहिला, दुसरी डिस्क बाहेरच. तिच्यावरची नोंद इतरांपेक्षा थोडी मागची, म्हणून रेड तिला आपणहून आत घेत नाही. 'री-अ‍ॅड' केलं. अ‍ॅरेवर बिटमॅप ठेवलेला आहे, म्हणजे कुठल्या भागात अलीकडे लिहिलं गेलं याची खूण. त्यामुळे पूर्ण ४ टीबी परत उभं करावं लागलं नाही. शिवाय फाइल सिस्टीम वाचण्यापुरतीच होती, म्हणून बदललेलं जवळपास काहीच नव्हतं. काही मिनिटांत चारही जागा भरल्या आणि 'रिप्लेस' जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

हा प्रसंग पुढच्या वेळेसाठी स्पष्ट लिहून ठेवतो. तिसरी डिस्क आधी काढून नेहमीचं रिबिल्ड लावलं असतं, तर पहाटे ३:४० ला चारपैकी दोन डिस्क बाहेर असत्या आणि अ‍ॅरे थांबला असता. त्यातून वर येता येतं, पण ते जबरदस्तीने जुळवणी करून, मागचं-पुढचं तोलत. आजारी तिसरी जागेवर होती म्हणून तिनेच अ‍ॅरे तोलून धरला.

मंगळवार, २० मे

'रिप्लेस' काल दुपारी पुरं झालं. जुन्या तिसरीवर वाटेत आणखी ३२ पेंडिंग सेक्टर निघाले, ते सगळे इतर तिघींकडून भरून घेतले गेले. ती आता आपोआप 'फेल्ड' म्हणून बाजूला आहे. चिकटपट्टीवरची चार अक्षरं दोनदा वाचून ती बाहेर काढली, नव्या डिस्कला तिसऱ्या खणात बसवलं आणि तिथे नवी पट्टी लावली.

आज दिवसभर शा-२५६ ची तपासणी. काकांचे अल्बम, ओव्या, बाबांच्या कागदपत्रांची स्कॅन, सगळं यादीशी जुळलं. एक्स्ट४, म्हणजे इथली फाइल सिस्टीम, स्वतः डेटाची तपासणी-बेरीज ठेवत नाही आणि रेड ५ ला पॅरिटी जुळत नाही एवढंच कळतं, चूक कोणाची ते कळत नाही. झेडएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम हे दोन्ही करते. पुढचा नॅस त्याच्यावरच बांधेन. तोवर ही यादी.

फाइल सिस्टीम पुन्हा लिहिण्यासाठी उघडली. आईचे फोटो यायला लागले.

काकांना फोन केला. "सगळं ठीक आहे काका, तीन ठिकाणी आहेत फोटो."

"बरं झालं रे. मला त्या विहिरीचा फोटो परत पाठव, मोठा करून लावायचा आहे."

रविवार, १ जून

मासिक तपासणी पूर्ण. पॅरिटीत फरक ०. १९७ चारही डिस्कवर ०. दुसरीचा १९९ अजून २१४ च, एकानेही वाढलेला नाही.

यंदा मान्सून २६ मे लाच मुंबईत पोचला, पुण्यातही हवेत ओल आली आहे. डिस्कचं तापमान ३६.

जुन्या तिसरीचं काय करायचं ते आज संपवलं. वॉरंटी केव्हाच संपली होती. ती तशीच भंगारात द्यायची नव्हती. पूर्ण डिस्कवर शून्य लिहून पुसता येते, पण बदली दिलेले जुने सेक्टर लिहिणाऱ्याच्या हातात येत नाहीत, त्यांच्यावरचा मजकूर तिथेच राहतो. म्हणून टॉर्क्स टी-८ ने झाकण उघडलं. एक स्क्रू नेहमीप्रमाणे लेबलखाली लपलेला होता. आतल्या ताटल्या आरशासारख्या. दिव्याखाली सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिल्या, कुठे चरा नाही, डाग नाही. वाचणारं डोकं त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, आणि तिथला बिघाड डोळ्यांना दिसण्याच्या मापाचा नसतोच. ताटल्या ड्रिलने आरपार भोकं पाडून बाद केल्या. डोक्याच्या मागचे दोन चुंबक काढून ठेवले, फार ताकदीचे आहेत, बोटं सांभाळून. बाकीचं ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संकलकाकडे.

पुढचं ठरवलं: रेड ५ वरून रेड ६. आणखी एक डिस्क, तिसऱ्याच कंपनीची. जागा १२ टीबीच राहील, पण दोन डिस्क जाण्याची सूट मिळेल. ५७,००० तासांच्या डिस्क एकेक करून बदलायच्या आहेतच, तर तो प्रत्येक बदल दुसऱ्या पॅरिटीच्या आधाराने झालेला बरा. जुन्या आधी बदलून मग रेड ६ करावं असाही विचार होता. पण तसं केलं तर जुन्या डिस्कवरचा सगळा भार सूट सगळ्यात कमी असतानाच पडतो.

रविवार, ६ जुलै

आज आषाढी. सकाळी पूजा आटोपून बसलो.

पाचवी डिस्क जूनमध्येच आली, चाचण्यांतून निघाली आणि रेड ६ मध्ये रूपांतर झालं. या कामाला रिबिल्डपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक पट्टीची मांडणीच बदलते, सगळा मजकूर वाचून परत लिहावा लागतो. सुरू करण्याआधी कपाटातली प्रत ताजी केली आणि यादीशी ताडली. रूपांतराची तात्पुरती फाइल एसएसडीवर ठेवली, अ‍ॅरेवर नाही, नाहीतर मध्येच वीज गेल्यावर ज्या फाइलवरून उठायचं तीच आत अडकली असती. पावसाने वीज आलीगेली, यूपीएसने निभावलं.

आजची मासिक तपासणी रेड ६ वरची पहिली. फरक ०. स्मार्टचे पाचही आकडे पाचही डिस्कवर ०, एक अपवाद सोडून. पहिल्या डिस्कचा १८८, म्हणजे वेळेत न पुऱ्या झालेल्या आज्ञांचा आकडा, १ झाला आहे. केबल नवीन आहे, यूपीएस होता. एका नोंदीवरून काही ठरत नाही, पण रांगेत आता पहिला नंबर तिचाच.

विहिरीचा फोटो काकांच्या नव्या घरात लागला. त्यांनी भिंतीचा फोटो पाठवला, तोही नॅसवर गेला आणि रात्री नाशिकला.

करायचं ते: पहिल्या खणासाठी डिस्क मागवणे, एसएमआर नाही ना ते पाहणे. ३ ऑगस्टची तपासणी नीट निघाली की त्याच रात्री 'रिप्लेस', सहाव्या जोडणीवरून. त्याआधी कपाटातली प्रत ताजी करून शा-२५६ ताडणे. ताईच्या खोक्यातली डिस्कही २०१९ ची आहे, गणपतीला नाशिकला गेलो की बदलायची.